गाडीचा दिवा बदलताना

आज आम्ही एका लहानशा वस्तूविषयी लिहिणार आहोत. ही वस्तू मुठीत मावते. तिला घरच्या आठवड्याच्या भाजीपेक्षा जास्त पैसे लागत नाहीत. ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती वस्तू म्हणजे मोटारगाडीच्या हेडलाइटचा बल्ब.

कोणी म्हणेल, मोटारगाडी हा बंगलेवाल्यांचा विषय, आपल्याला त्याचे काय? परंतु तो काळ आता राहिला नाही. आपल्या वस्तीत कोणी टुरिस्ट गाडी चालवितो, कोणी टेम्पोवर ड्रायव्हर आहे, कोणी पतपेढीचे कर्ज काढून सेकंडहँड गाडी घेतली आहे. ज्याच्याकडे गाडी नाही तो रात्रपाळी सुटल्यावर त्याच रस्त्याने पायी किंवा सायकलने घरी येतो. म्हणून हा विषय गाडीवाल्याचा आहे तसाच पायी चालणाऱ्याचाही आहे.

आम्ही स्वतः मेकॅनिक नाही. आमचे शिक्षण बी.कॉम., आणि नोकरी कारकुनाची. परंतु गेल्या पावसाळ्यात कसारा घाटात जो प्रसंग आमच्यावर आला, त्यानंतर चार जाणत्या लोकांना विचारून, पुस्तके चाळून आम्ही ही माहिती गोळा केली. ती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

घाटातील ती रात्र

आमच्या शेजारच्या मुलाने वर्षापूर्वी एक छोटी गाडी घेतली. सेकंडहँड, पण चांगली राखलेली. नाशिकला त्याच्या मावशीला दवाखान्यात ठेवले होते. तिला भेटण्यास तो, त्याची आई, त्याची पत्नी व दोन वर्षांची मुलगी असे निघाले आणि सोबतीला आम्हालाही घेतले. परतताना रात्र झाली, पाऊस लागला. इगतपुरी मागे पडली, घाट सुरू झाला. थोड्याच वेळात गाडीत प्लास्टिक जळाल्यासारखा वास येऊ लागला. आई म्हणाली, "अरे, बाहेरून येत असेल." दुसऱ्याच वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले.

वाचकहो, घाटात, पावसात, उतारावर समोरचा रस्ता अचानक नाहीसा होणे म्हणजे काय ते लिहून सांगता येणार नाही. त्या पोराने घाबरून स्टिअरिंग फिरविले नाही, हीच मोठी गोष्ट. त्याने हळूहळू ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. अप्पर देऊन पाहिला, तोही लागेना. चारही इंडिकेटर तेवढे लुकलुकत होते. मागे लेकरू रडत होते. पाठीमागून येणारी प्रत्येक गाडी आपल्यावर आदळणार असे वाटत होते.

दहा-बारा मिनिटांनी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. त्याने परिस्थिती पाहिली आणि म्हणाला, "माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवा, मी सावकाश चालतो." त्याने आपला भरलेला ट्रक आमच्या पुढे घेतला आणि पायी चालण्याच्या गतीने आम्हाला खाली कसाऱ्यापर्यंत आणून सोडले. ती रात्र आम्ही एका ढाब्यावर बसून काढली.

सकाळी मेकॅनिक आला. त्याने स्टिअरिंगखालचा स्विच उघडला. आतले तांब्याचे पॉइंट जळून काळे पडले होते, भोवतीचे प्लास्टिक वितळले होते. मग बॉनेट उघडून उजव्या बल्बचा होल्डर ओढला तर तोही पिवळा पडून ठिसूळ झालेला. त्याने बल्ब काढून आमच्या हातात दिला. त्याच्या पितळी बैठकीवर लिहिले होते, १००/९० वॅट.

"हा कोणी बसवला?" त्याने विचारले.

मुलगा म्हणाला, "काका, तीन आठवड्यांपूर्वी एक बल्ब उडाला होता. दुकानदार म्हणाला, ६०/५५ कशाला घेता, शंभरचा घ्या, रस्ता दिवसासारखा दिसेल. मी जोडीच घेतली."

बल्बच्या जोडीत त्याने वाचविले काहीच नाही. स्विच, दोन होल्डर, वायरिंगचा तुकडा आणि मजुरी मिळून साडेचार हजार रुपये गेले. अर्धा पगार दवाखान्यात गेलेला असताना हे साडेचार हजार कोठून आणले ते त्याचे त्यालाच ठाऊक.

साधा हिशेब

आम्ही कॉमर्सचे असल्यामुळे आम्हाला जमाखर्चाची भाषा लवकर कळते. हा हिशेबही तसाच आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. ६० वॅटचा बल्ब ५ अँपियर घेतो. १०० वॅटचा बल्ब सुमारे ८.३ अँपियर घेतो. आता तारेत व जोडांत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह पावणेदोन पटीच्या आत वाढला तरी उष्णता जवळजवळ पावणेतीन पट होते. कंपनीने तार, होल्डर व स्विच हे ५ अँपियर डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. पावणेतीन पट उष्णतेची तरतूद त्या अंदाजपत्रकात नसते.

कोणी विचारील, मग फ्यूज का उडाला नाही? याचेही उत्तर हिशेबातच आहे. हेडलाइटचा फ्यूज साधारण १० किंवा १५ अँपियरचा असतो. त्या गाडीत डाव्या व उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज होता. एकेका फ्यूजमधून ८.३ अँपियर गेले तर त्याच्या दृष्टीने सर्व काही ठीक आहे. परंतु ज्या गाडीत रिले नसतो तेथे दोन्ही दिव्यांचा प्रवाह एकाच स्विचमधून जातो. डिप्परवर ५५ वॅटच्या दोन बल्बांचे मिळून सुमारे ९ अँपियर जायचे, तेथे ९० वॅटच्या दोन बल्बांचे १५ अँपियर जाऊ लागले. फ्यूज शाबूत राहिला आणि स्विच जळाला. म्हणून फ्यूज उडत नाही म्हणजे बल्ब योग्य आहे, असे समजू नये. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे हा तर शुद्ध वेडेपणा होय.

बल्बचे नाव वाचावयास शिका

दुकानात जाऊन "हेडलाइटचा बल्ब द्या" एवढेच म्हणणे म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन "गोळी द्या" म्हणण्यासारखे आहे. प्रत्येक बल्बला नाव आहे आणि ते त्याच्या बैठकीवर कोरलेले असते.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो एच-४. याच्या पोटात दोन तारा असतात, एक अप्परची ६० वॅटची व दुसरी डिप्परची ५५ वॅटची. मागे तीन पाती असतात. मारुतीच्या अल्टो, वॅगन-आर यांसारख्या पुष्कळ गाड्यांत हाच बल्ब आलेला आहे. त्याच्या गोल बैठकीला पी-४३टी म्हणतात. जुन्या गाड्यांत पी-४५टी नावाची थोडी मोठी बैठक असे. ती एच-४ च्या जागी बसत नाही, बसविण्याचा प्रयत्नही करू नये.

ज्या गाड्यांत अप्पर व डिप्पर यांचे दिवे वेगवेगळे असतात, तेथे एक तारेचे बल्ब येतात. एच-१ व एच-७ हे ५५ वॅटचे, एच-११ हाही ५५ वॅटचा, एचबी-३ हा ६० वॅटचा तर एचबी-४ हा ५१ वॅटचा. यातील गंमत अशी की एच-८, एच-९ व एच-११ हे तिन्ही भाऊ-भाऊ दिसतात. परंतु एच-८ हा ३५ वॅटचा आहे आणि एच-९ हा ६५ वॅटचा. एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणूनच बनविणाऱ्याने त्यांचे कान वेगळे ठेवले आहेत. काही कारागीर ते कान कापून बल्ब बसवितात. ज्या बल्बसाठी कान कापावा लागतो तो बल्ब आपल्या गाडीचा नाही, एवढे ओळखावे.

टेम्पो-ट्रकवाल्या बांधवांनी व्होल्ट आधी पाहावेत. मोठ्या गाड्यांची बॅटरी २४ व्होल्टची असते व त्यांचा एच-४ हा ७५/७० वॅटचा येतो. १२ चा बल्ब २४ वर लावला तर तो तत्काळ उडतो. २४ चा बल्ब १२ वर लावला तर तो काजव्यासारखा जळतो. तसेच बऱ्याच मोटारसायकलींना एचएस-१ नावाचा ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. तो दिसावयास एच-४ चा धाकटा भाऊ. परंतु त्याच्या जागी ६०/५५ वॅटचा बल्ब घातला तर दुचाकीच्या वायरिंगवर तोच प्रसंग येतो, जो आमच्यावर घाटात आला.

मग आपल्या गाडीचा बल्ब कोणता हे कसे समजावे? पहिली जागा म्हणजे गाडीबरोबर मिळालेले मालकाचे पुस्तक. त्यात शेवटी बल्बांचा तक्ता असतो. दुसरी जागा म्हणजे काही गाड्यांत हेडलाइटच्या पाठीवर किंवा काचेवर बल्बचे नाव छापलेले असते. तिसरी जागा म्हणजे जुना बल्ब. परंतु सेकंडहँड गाडीत जुन्या बल्बवर आंधळा विश्वास ठेवू नये. आधीच्या मालकानेच चुकीचा घातला असेल, तर आपण तीच चूक पुन्हा विकत घेऊ. एकाच नावाच्या गाडीचे मॉडेल बदलले की बल्बही बदलू शकतो. म्हणून गाडीचे वर्ष व मॉडेल लिहून दुकानात न्यावे.

पांढऱ्या उजेडाचा मोह

आता दुसरा मोह पाहू. हल्ली हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब सर्वत्र मिळतात. उजेड पांढराशुभ्र, वीज कमी, आणि दुकानात लावून दाखविला की डोळे दिपतात. डोळे दिपतात, येथेच खरी अडचण आहे.

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, त्याच्यामागचा आरसा आणि पुढची काच यांचे मिळून ते एक यंत्र होय. एच-४ च्या पोटात डिप्परच्या तारेखाली एक लहानशी धातूची वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडविते. त्यामुळे उजेड आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो व तेथून खाली रस्त्यावर उतरतो. समोरच्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत तो जात नाही. ही सारी करामत तारेच्या नेमक्या जागेवर अवलंबून आहे. जागा थोडी जरी सरकली तरी उजेड भलतीकडे फाकतो. एलईडीत ती तार नसते, सपाट पट्टीवर बसविलेले ठिपके असतात. हॅलोजनसाठी घडविलेल्या आरशात त्यांचा उजेड पुष्कळदा वर उधळतो. चालकाला पुढे सगळे पांढरे दिसते म्हणून तो खुश होतो, पण दूरच्या रस्त्यावर जो उजेड पडावयास हवा तो तेवढा पडतोच असे नाही. कंपनीने मुळातच एलईडीसाठी बनविलेला हेडलाइट ही निराळी गोष्ट आहे. आम्ही बोलतो आहोत ते हॅलोजनच्या घरात घुसविलेल्या एलईडीविषयी.

आता समोरच्याचा विचार करा. रात्रपाळीहून सायकलवर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर असा झोत पडला की काही सेकंद त्याला काहीच दिसत नाही. समोरून येणाऱ्या चालकाचेही तेच. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १६ मीटरच्या वर जाते. तीन सेकंद धरले तरी ती ५० मीटर आंधळेपणाने धावली. त्या ५० मीटरमध्ये हातगाडी असेल, रस्ता ओलांडणारी म्हातारी असेल, क्लासहून येणारी आपलीच मुलगी असेल.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो की, पुढचा दिवा कायम खाली झुकविलेला असावा अथवा चालकाला तो झुकविता यावा. दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू नये. दीड मीटर म्हणजे आपल्यासारख्या उभ्या माणसाच्याच डोळ्यांची उंची.

निळसर रंग चढविलेल्या हॅलोजन बल्बांविषयीही एक शब्द. काचेवरचा निळा थर काही उजेड स्वतःच अडवितो. रंग पांढरा दिसतो, म्हणून उजेड वाढला असे होत नाही.

उजेड कमी वाटतो, मग काय करावे?

उजेड कमी वाटला की लोक आधी बल्ब बदलतात. परंतु दोष पुष्कळदा दुसरीकडे असतो. बल्बपर्यंत पोचणारे व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी झाले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. गंजलेला अर्थिंगचा बोल्ट, सैल झालेला होल्डर, कुजलेली तार हे चोर असतात. आधी ते पकडा. पुढची प्लास्टिकची काच वर्षानुवर्षे उन्हात पिवळी पडते, ती पॉलिश करून घ्या. मागचा आरसा काळवंडला असेल तर कोणताही बल्ब घाला, उपयोग नाही. बल्बही जुना झाला की आतून काळसर होतो. त्या वेळी मात्र तो बदला, आणि शक्यतो जोडीने बदला. एक उडाला की दुसऱ्याचेही वय तेवढेच झालेले असते.

योग्य वॅटचा, नामवंत कंपनीचा बल्ब घ्या. वर्तुळात इंग्रजी ई हे अक्षर व त्यापुढे आकडा अशी मान्यतेची खूण बैठकीवर असेल तर पाहा. एच-४ ला प्रमाणाप्रमाणे अप्परवर सुमारे १६५० व डिप्परवर सुमारे १००० लुमेन उजेड द्यावा लागतो. चांगला बल्ब तेवढ्याच वॅटमध्ये तो देतो. "जास्त उजेड" असे लिहिलेले ६०/५५ वॅटचेच बल्बही मिळतात. ते वायरिंगला त्रास देत नाहीत, मात्र त्यांचे आयुष्य सहसा कमी असते.

बसविताना

दिवे बंद करा व बल्ब थंड होऊ द्या. मागचा होल्डर सरळ ओढा, तार धरून ओढू नका. रबरी टोपण काढा, तारेची क्लिप दाबून सोडवा, जुना बल्ब बाहेर घ्या. नवा बल्ब फक्त बैठकीला धरा. काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकट डाग तापून त्या जागी काच कमजोर होते व बल्ब लवकर जातो. बोट लागलेच तर स्वच्छ फडक्याला थोडे स्पिरिट लावून पुसून घ्या. एच-४ चे तीन कान एकाच रीतीने बसतात, म्हणून जोर लावू नका. रबरी टोपण नीट बसवा, नाहीतर पावसाचे पाणी आत जाते. मग अप्पर व डिप्पर दोन्ही लावून पाहा.

शेवटी गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करा. डिप्परच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडली पाहिजे. १० मीटर अंतराला साधारण १० सेंटीमीटर खाली, असा हिशेब लक्षात ठेवावा. जमत नसेल तर गॅरेजमध्ये यंत्रावर तपासून घ्या. आणि मागच्या सीटवर चार माणसे व सामान भरले की गाडीचे नाक वर उचलते व दिवेही वर बघू लागतात. ज्या गाडीत दिवे खाली करण्याचे बटण आहे, तेथे ते वापरा.

शेवटी एवढेच

त्या मुलाने आता गाडीच्या कप्प्यात मालकाचे पुस्तक व ६०/५५ वॅटचा एक जादा बल्ब जुन्या सुती मोज्यात गुंडाळून ठेवला आहे. वहीत बल्बचे नाव, तारीख व दुकान लिहून ठेवतो. परवा त्याच्या कारखान्यातला एक मित्र शंभरचा बल्ब घ्यायला निघाला, तेव्हा याने त्याला अडविले आणि जळालेला स्विच नेऊन दाखविला. तो स्विच त्याने मुद्दाम जपून ठेवला आहे. मित्र म्हणे स्विच पाहून मुकाट्याने परत फिरला.

कसाऱ्याला त्या ट्रकवाल्याचे नाव विचारावयाचे आम्ही विसरलो. चहालाही तो थांबला नाही. त्याचा माल वेळेवर पोचवायचा होता, तरी त्याने अनोळखी पाच जणांसाठी आपला वेळ खर्ची घातला. रस्त्यावर आपण एकमेकांच्या भरवशावर चालत असतो, ही गोष्ट त्या माणसाने आम्हाला न बोलता शिकविली.

तेव्हा येत्या रविवारी सवड काढून आपापल्या गाडीचे बॉनेट उघडा. बल्बवर काय लिहिले आहे ते पाहा, पुस्तकात काय लिहिले आहे ते वाचा, आणि दोन्ही ताडून पाहा. ज्यांना इंग्रजी वाचता येत नसेल त्यांनी घरातल्या शाळकरी मुला-मुलीला सोबत घ्यावे. त्यांच्याकडून वाचून घेण्यात कसलाही कमीपणा नाही.